मज्जारज्जूच्या स्ट्रोकची तातडीची सेवा: दारात अडखळते, आयसीयूत सावरते

स्ट्रोक म्हटलं की वाकडं तोंड, लुळा हात आणि अडखळती जीभ डोळ्यांसमोर येते. इमर्जन्सी विभागाची सगळी घडीसुद्धा याच चित्रावर बसवलेली असते. मज्जारज्जूचा रक्तपुरवठा तुटला तर यातलं काहीच दिसत नाही. माणूस पूर्ण शुद्धीवर असतो, स्पष्ट बोलतो, हसायला सांगितलं तर दोन्ही गाल सारखे वर जातात. पाय तेवढे हलत नाहीत. एकूण स्ट्रोकमध्ये याचं प्रमाण जेमतेम १ टक्क्याच्या आसपास, त्यामुळे ड्युटीवरच्या डॉक्टरांनी तो आयुष्यात एकदाही पाहिलेला नसणं अगदी शक्य आहे.

हे परीक्षण कुठल्या एका रुग्णालयाचं नाही. चोवीस तास एमआरआय, न्यूरॉलॉजिस्ट आणि आयसीयू असलेल्या मोठ्या रुग्णालयात या आजारासाठी जी सेवा मिळते, तिचं आहे. मत आधीच सांगून टाकतो. या सेवेत जादूचं इंजेक्शन नाही आणि ते नाही म्हणून तिला कमी लेखण्यात अर्थ नाही. पहिल्या काही तासांत तीन गोष्टी झाल्या की नाहीत, यावरच तिची किंमत ठरते: मज्जारज्जू बाहेरून दाबला गेलेला नाही हे पाहिलं का, महाधमनी (हृदयातून निघणारी मुख्य धमनी) पाहिली का आणि रक्तदाब धरून ठेवला का. बाकी सगळं त्यानंतर.

दार: ५ पैकी २

रुग्णाची तक्रार बरीचशी ठरलेली असते. मानेत, पाठीत किंवा छातीभोवती पट्टा आवळल्यासारखी अचानक कळ येते. काही मिनिटांत, फार तर काही तासांत पाय जड होतात, मग उचलतच नाहीत. लघवी तुंबते, पण तुंबल्याचं कळत नाही. ताकद तळाला जायला १२ तासांपेक्षा जास्त वेळ सहसा लागत नाही, अनेकांना त्याहून बराच कमी लागतो. निदानाचा मोठा आधार हा वेगच आहे. मज्जारज्जूला सूज आणणारा मायलायटिस तळाला पोचायला ४ तासांहून जास्त, बहुधा काही दिवस घेतो. म्हणून ‘कधी सुरू झालं?’ एवढं विचारून भागत नाही. ‘सुरू झाल्यापासून उभं राहता न येईपर्यंत किती वेळ गेला?’ हा खरा प्रश्न, आणि केसपेपरवर नेमकं त्याचंच उत्तर नसतं.

दारात गाडी अडखळते ती अशी. छातीत कळ आली म्हणून ईसीजी निघतो, तो ठीक येतो, वेदनाशामक टोचलं जातं आणि तासभर देखरेख. तेवढ्यात पाय गेलेले असतात. दुसरीकडे स्ट्रोकची घंटा वाजवलीच, तर रुग्ण थेट डोक्याच्या सीटीला जातो. सीटी अर्थातच स्वच्छ. मेंदूच्या स्ट्रोकची तीव्रता मोजणारी एनआयएचएसएस ही ४२ गुणांची मोजपट्टीही इथे तोकडी पडते. दोन्ही पाय पूर्ण लुळे पडले तरी त्याचे गुण ८, आणि लघवीसाठी त्यात रकानाच नाही. कागदावर ‘मध्यम’ दिसणारा हा माणूस प्रत्यक्षात कमरेखालचं सगळं गमावून बसलेला असतो. तिसरी अडखळ सर्वांत वाईट: तरुण रुग्ण, स्वच्छ सीटी, ‘मानसिक ताण असेल’. तुंबलेली लघवी ताणाने समजावता येत नाही. मूत्राशयात किती लघवी आहे ते दाखवणाऱ्या ब्लॅडर स्कॅनरचं टोक पोटावर टेकवायला मिनिट लागतं. मूत्राशयात ५०० मिलीच्या वर लघवी आहे आणि रुग्णाला त्याची भावनाच नाही, असं दिसलं तर वाद तिथेच संपतो.

चांगल्या ठिकाणी ट्रायाजच्या, म्हणजे कुणाला आधी पाहायचं हे ठरवणाऱ्या तक्त्यावर एक जादा ओळ असते: अचानक दोन्ही पाय किंवा चारही हातपाय गेले, सोबत पाठीत किंवा मानेत कळ असो वा नसो, तर स्ट्रोकइतकीच घाई. ही ओळ आहे का, एवढं पाहून आम्ही अर्धे गुण देऊन टाकतो.

दहा मिनिटांची तपासणी

इथे महागडं काही लागत नाही. मोडलेल्या टूथपिकचं टोक आणि १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क, बस. मज्जारज्जूचा पुढचा दोन-तृतीयांश भाग एकाच पुढच्या धमनीवर जगतो, मागचा एक-तृतीयांश दोन मागच्या धमन्यांवर. स्ट्रोक बहुतेक वेळा पुढच्या धमनीच्या हद्दीत होतो. टोचणं, थंड-गरम आणि ताकद यांच्या वाटा त्या हद्दीतून जातात. कंपन आणि सांध्यांची जाणीव मागून. म्हणून टूथपिक बेंबीखाली कुठेही टोचली तरी ‘काही नाही’, आणि वाजता फोर्क अंगठ्याच्या हाडावर टेकवला की ‘हो, थरथरतंय’. एकाच पायावर ही दोन उत्तरं मिळाली की निदान जवळजवळ हातात आलं. हे करायला न्यूरॉलॉजिस्टची वाट पाहायची गरज नाही.

सर्वाधिक फसगत रिफ्लेक्सवरून होते. मज्जारज्जूचा आजार म्हणजे पाय ताठ आणि गुडघ्याचा झटका जोरात, असं पाठ केलेलं असतं. पहिल्या तासांत आणि दिवसांत उलट असतं: पाय ढिले, झटका नाही. याला स्पायनल शॉक म्हणतात. रिफ्लेक्स नाहीत म्हणून गियाँ-बारे सिंड्रोम, म्हणजे हातापायांच्या नसांचा आजार ठरवला जातो, पाठीतून पाणी काढलं जातं, त्यावरच्या इम्युनोग्लोब्युलिन या औषधाची तयारी सुरू होते. गियाँ-बारे असा तासाभरात पाय पाडत नाही, सुरुवातीलाच लघवी अडवत नाही आणि छातीवर बधिरपणाची सरळ रेषा आखत नाही. ती रेषा पेनाने त्वचेवर काढून बाजूला वेळ लिहिणारे डॉक्टर भेटले तर समजावं, सेवा चांगल्या हातात आहे. दोन तासांनी रेषा दोन बोटं वर सरकली की कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

याच दहा मिनिटांत आणखी चार गोष्टी व्हायला हव्यात: दोन्ही हातांचा बीपी वेगवेगळा, दोन्ही जांघांतली नाडी, गुदद्वाराजवळची जाणीव आणि रक्तातलं पोटॅशियम. हातांच्या बीपीत मोठा फरक असेल किंवा एका जांघेतली नाडी लागत नसेल, तर महाधमनीचा पदर फाटल्याची शंका आधी घ्यायची. पोटॅशियम खूप खाली गेलं तरी पाय लुळे पडतात, पण बधिरपणा येत नाही. तो वेगळा आणि सहज सुटणारा प्रश्न आहे.

स्कॅन: आमची मोठी तक्रार

पाय गेले, कंबर दुखते, म्हणून कमरेचा एमआरआय. ही चूक इतकी सर्रास आहे की तिला चूक म्हणायचीही सवय राहिलेली नाही. मोठ्या माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशीच संपतो. त्याखाली नसांचा झुपका असतो. कमरेच्या एमआरआयमध्ये मज्जारज्जूचं फक्त शेपूट येतं, आणि घाव बहुधा छातीच्या पातळीवर असतो. तिथे एखादी म्हातारी, निरुपद्रवी चकती सरकलेली दिसते, सगळा दोष तिच्यावर जातो आणि रात्र वाया जाते. बधिरपणाची पातळीसुद्धा घावाची नेमकी जागा मानायची नाही. घाव तिच्या बऱ्याच वर असू शकतो. मागणी एकच हवी: संपूर्ण कणा, मानेपासून शेपटापर्यंत.

पूर्ण सविस्तर एमआरआयला पाऊण-एक तास लागतो आणि बीपी पडत असलेल्या रुग्णाला तेवढा वेळ नळकांड्यात ठेवणं धोक्याचं. शहाणे रेडिओलॉजिस्ट आधी पूर्ण कण्याच्या उभ्या छेदाच्या टी-टू (सूज आणि पाणी पांढरं दाखवणाऱ्या) प्रतिमा घेतात. त्यात दाब आहे की नाही, कण्यात रक्त साकळलंय का, पू आहे का, गाठ आहे का, हे कळतं. यातलं काही सापडलं तर पुढचा फोन थेट सर्जनला. दाबलेला मज्जारज्जू सोडवणं हा या सगळ्या सेवेतला सर्वांत परतावा देणारा भाग आहे, म्हणून तो आधी शोधायचा. काही सापडलं नाही तरच संशयाच्या भागावर डिफ्युजन (रक्त तुटलेला भाग लवकर दाखवणाऱ्या प्रतिमा) आणि आडवे छेद घ्यायचे.

आता एक गोष्ट नातेवाइकांना सांगितली जात नाही आणि मग भांडणं होतात: पहिला एमआरआय अगदी स्वच्छ येऊ शकतो. पहिल्या काही तासांत टी-टूवर काहीच उमटत नाही. डिफ्युजन लवकर बोलतं, पण तेही दर वेळी नाही. स्वच्छ एमआरआय म्हणजे ‘दाब नाही’ एवढंच. ‘स्ट्रोक नाही’ असा त्याचा अर्थ लावायचा नसतो. दिवस-दोन दिवसांनी पुन्हा काढला की उभ्या छेदात पेन्सिलीने ओढल्यासारखी पांढरी रेघ आणि आडव्या छेदात घुबडाच्या डोळ्यांसारखे दोन ठिपके दिसतात. हे डोळे ठळक असले तरी फक्त याच आजारात दिसतात असं नाही. अधिक भरवशाची खूण शेजारी असते, ती म्हणजे मणक्याच्या हाडाचाही एक कोपरा मेलेला दिसणं. हाड आणि मज्जारज्जू यांना रक्त पुरवणाऱ्या फांद्या एकाच खोडाच्या, म्हणून दोघांवर एकदम घाला पडतो. रिपोर्टमध्ये हाडाचा उल्लेखच नसेल तर रेडिओलॉजिस्टना परत फोन करायला हरकत नाही.

महाधमनीची सीटी अँजिओग्राफी बरीच रुग्णालयं ‘सकाळी बघू’ म्हणून ढकलतात. छातीत किंवा पाठीत फाडल्यासारखी कळ आली असेल, नाडी असमान असेल, तर ती एमआरआयच्याही आधी हवी. मज्जारज्जूच्या खालच्या भागाला मुख्य रसद देणारी अॅडम्‌कीविचची धमनी बहुधा डावीकडून, छातीच्या नवव्या ते बाराव्या मणक्याच्या दरम्यान निघते, वर चढते आणि हेअरपिनसारखं वळण घेऊन खाली येते. महाधमनीचा पदर तिथे फाटला की ही रसद तुटते. अशा रुग्णाला पायांचाच रुग्ण समजणं जिवावर बेततं.

रक्तदाब: जिथे सेवा खरोखर कमावते

इथे आम्ही ५ पैकी ४ देतो, आणि चार मिळवणारी ठिकाणंही मोजकीच आहेत. मज्जारज्जूत पोचणारा दाब म्हणजे धमनीतला सरासरी दाब वजा भोवतालच्या पाण्याचा दाब. घावाच्या कडेला अर्धमेली पडलेली ऊती या फरकावर जगते. सरासरी दाब ८५ ते ९० च्या वर ठेवायचा, हा आकडा मुळात अपघातात कणा मोडलेल्यांच्या उपचारातून उसना घेतलेला आहे. स्ट्रोकसाठी त्याची स्वतंत्र मोठी चाचणी झालेली नाही, पण तर्क पक्का आहे आणि योग्य रुग्णात धोका कमी.

तक्त्यावरचा बीपी डोळ्यांना फसवतो, म्हणून हिशोब करून बघा. वरचा आकडा अधिक खालच्याची दुप्पट, भागिले तीन. ११०/६० हा बीपी कुणालाही छान वाटेल. सरासरी येते ७७ च्या आसपास, म्हणजे लक्ष्याच्या बरीच खाली. सिस्टरनी ‘बीपी नॉर्मल’ लिहिलं, डॉक्टरांनी मान डोलावली, आणि रात्रभर मज्जारज्जू उपाशी. म्हणून आदेश ‘बीपी सांभाळा’ असा नसावा. ‘सरासरी दाब ८५ च्या खाली आला तर कळवा’ असा आकड्यात हवा, आणि शक्य तिथे मनगटाच्या धमनीत लाइन टाकून सतत मोजलेला.

घाव छातीच्या सहाव्या पातळीच्या वर असेल तर बीपी आणि नाडी दोन्ही एकदम पडतात. हा रक्तस्रावाचा शॉक नाही. हात गरम असतात, नाडी धावण्याऐवजी मंदावते. अशा वेळी सलाईनच्या बाटल्या ओतत राहिलं तर फुप्फुसं भरतात आणि बीपी तिथेच. थोडं सलाईन, मग लवकर बीपी चढवणाऱ्या नॉरअॅड्रेनलिनची ड्रिप, नाडी फारच उतरली तर ती वाढवणारं अॅट्रोपिन, हा क्रम. रुग्ण सपाट झोपलेला हवा. उशाशी दोन उशा घालून ‘आरामात बसवणं’ पहिल्या दिवशी नको.

चुका बारीक असतात. घरच्या बीपीच्या गोळ्या औषधांच्या चार्टवर तशाच उतरवल्या जातात आणि रात्री नऊला दिल्या जातात. लघवी तुंबली म्हणून कुणी ती मोकळी करणारी टॅमसुलोसिनची गोळी लिहितं. तीही बीपी पाडते. तिसऱ्या दिवशी फिजिओथेरपीला उठवून बसवताना पायांना बँडेज, पोटाला पट्टा बांधलेला नसतो, बीपी कोसळतो आणि परत आलेली पायाच्या बोटांची हालचाल पुन्हा जाते.

महाधमनी फाटलेली असेल तर मात्र सगळं गणित उलटं होतं. तिथे वरचा आकडा १०० ते १२० आणि नाडी ६० च्या खाली ठेवायची असते, नाहीतर धमनी फुटते. मज्जारज्जू म्हणतो वाढवा, महाधमनी म्हणते उतरवा. ही ओढाताण एका डॉक्टरने एकट्याने सोडवण्यासारखी नाही. व्हॅस्क्युलर सर्जन, भूलतज्ज्ञ आणि न्यूरॉलॉजिस्ट एका पलंगाभोवती उभे राहिले पाहिजेत. ते उभे राहतात का, यावर मोठ्या रुग्णालयाची पारख होते.

पाठीतला ड्रेन

महाधमनीच्या शस्त्रक्रियेनंतर किंवा तिच्यात स्टेंट-ग्राफ्ट (आतून आधार देणारी कृत्रिम नळी) बसवल्यावर होणारा स्ट्रोक हा या सेवेचा हुकमी प्रांत. इथे धोका आधीच माहीत असतो, माणसं तयार असतात आणि करण्यासारखं ठोस काही असतं. कमरेतून बारीक नळी घालून मज्जारज्जूभोवतीचं पाणी काढायचं, म्हणजे वजाबाकीतला दुसरा आकडा उतरतो. सरासरी दाब ७० आणि पाण्याचा १५ असेल तर मज्जारज्जूला मिळतात ५५. पहिला ९० वर नेला, दुसरा १० वर आणला, की मिळतात ८०. सोबत ऑक्सिजन आणि हिमोग्लोबिनही वर ठेवायचं. दाब आहे पण रक्तात प्राणवायूच नाही, असं नको. पहिल्या तासात हे झालं तर लुळे पाय खरोखर हलताना दिसतात. हे वैद्यकातल्या मोजक्या देखण्या दृश्यांपैकी एक आहे.

पण ड्रेन हा नळ नाही. तासाला १० ते १५ मिलीपेक्षा जास्त काढलं तर मेंदू खाली ओढला जातो, त्याच्या वरच्या शिरा ताणून तुटतात आणि डोक्यात रक्त साकळतं. पाणी लालसर दिसलं की ड्रेन बंद करून डोक्याचा सीटी. ड्रेनच्या पट्टीवर बहुधा दोन मोजमापं छापलेली असतात: एका कडेला मिलिमीटर पारा, दुसऱ्या कडेला सेंटीमीटर पाणी. १० मिलिमीटर पारा म्हणजे १३.६ सेंटीमीटर पाणी. रात्रपाळीने चुकीच्या कडेवर १० लावलं तर गरजेपेक्षा जास्त पाणी निघत राहतं आणि कुणालाच कारण सापडत नाही. तसंच पलंगाचं. नातेवाइकाने रुग्णाला पाणी पाजायला बटण दाबून पलंग वर घेतला, शून्याची पातळी मात्र स्टँडवर तिथेच. दहा मिनिटांत बाटली भरते. म्हणून पलंग हलवण्याआधी ड्रेनची चावी बंद करायची, ही पाटी पलंगाला लटकवलेली असावी. आम्ही ती बघतोच.

आणखी एक सावधगिरी. शस्त्रक्रियेनंतर पाय हलवणारा रुग्ण दुसऱ्या दिवशी, क्वचित कितीतरी दिवसांनीही अचानक कोसळू शकतो; निमित्त बहुधा बीपी घसरण्याचं, डायलिसिससारखं. त्यामुळे पायांची ताकद दर तासाला तपासून लिहिणं ड्रेन काढल्यावरही थांबवायचं नसतं.

शस्त्रक्रियेशी संबंध नसलेल्या, आपोआप आलेल्या स्ट्रोकमध्ये ड्रेनचा आधार फारच पातळ आहे. तिथे तो न टाकणाऱ्यांना आम्ही दोष देत नाही.

गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आणि स्टेरॉइड

‘मेंदूच्या स्ट्रोकला साडेचार तासांत इंजेक्शन देतात, मग इथे का नाही?’ नातेवाइकांचा हा प्रश्न रास्त आहे. गुठळी विरघळवणारं अल्टेप्लेज मेंदूसाठी किलोमागे ०.९ मिलिग्रॅम, कमाल ९० मिलिग्रॅम, दहावा भाग एकदम आणि उरलेला तासाभरात देतात. मज्जारज्जूसाठी तेच काही रुग्णांना दिल्याच्या नोंदी आहेत, काही सुधारलेही, पण मोठी चाचणी नाही. अडचण वेळेची आणि जोखमीची. कण्यात रक्त साकळलं तरी सुरुवात अगदी अशीच होते: अचानक कळ, मग पाय गेले. महाधमनी फाटली तरी तशीच. या दोघांत हे इंजेक्शन म्हणजे घात. म्हणून न देणाऱ्या रुग्णालयाचा आम्ही गुण कापत नाही. एमआरआय आणि महाधमनीची सीटी न करता देणाऱ्याचे मात्र सगळे कापतो.

स्टेरॉइडचं उलट. ते सवयीने दिलं जातं. मिथिलप्रेडनिसोलोन रोज १ ग्रॅम, तीन ते पाच दिवस, हा मायलायटिसचा उपचार. स्ट्रोकमध्ये त्याचा फायदा सिद्ध झालेला नाही. साखर चढते, जंतुसंसर्ग वाढतो. निदान धूसर असताना पहिले दोन दिवस दिलं तर समजू शकतो. पण एका आजारात ते सरळ नुकसान करतं. मज्जारज्जूच्या आवरणात धमनी आणि शीर परस्पर जोडली गेली असेल, म्हणजे ड्युरल फिस्टुला असेल, तर स्टेरॉइडनंतर काही तासांत पाय आणखी जाऊ शकतात. ओळख अशी: आधी काही महिने चालताना पाय दमायचे, पायऱ्यापायऱ्यांनी बिघडत गेलं, आणि एमआरआयवर मज्जारज्जूच्या पाठीवर गांडुळांसारख्या काळ्या वळवळत्या रेघा. स्टेरॉइड सुरू करण्याआधी त्या रेघा कुणी शोधल्या का, हे विचारावं.

अॅस्पिरिन रक्तवाहिन्या कडक झालेल्यांना सहसा देतात, पण रक्तस्राव आणि फाटलेली महाधमनी बाजूला काढल्यावर आणि ड्रेन टाकायचा की नाही हे ठरल्यावर. पाणबुड्याला वर आल्यावर असं झालं तर वाट वेगळी: लगेच १०० टक्के ऑक्सिजन आणि जास्त दाबाच्या ऑक्सिजन कक्षाकडे रवानगी. त्यात एमआरआयसाठीही वेळ घालवू नये.

आयसीयूतलं बारीकसारीक

मानेच्या घावात श्वास हळूहळू जातो, आणि बोटावरचा ऑक्सिमीटर ते सर्वांत शेवटी सांगतो. त्याआधी एका दमात मोठ्याने आकडे मोजायला लावा. २० च्या आत थांबला तर फुप्फुसांची क्षमता मोजायची; किलोमागे १५ ते २० मिलीच्या खाली गेली की नळी घालायची तयारी ठेवायची. ती घालताना दोन-तीन दिवस उलटून गेले असतील तर स्नायू ढिले करणारं सक्सिनिलकोलिन वापरायचं नाही, पोटॅशियम एकदम चढून हृदय थांबू शकतं. हे भूलतज्ज्ञांना माहीत असतं. रात्री धावत आलेल्या नव्या डॉक्टरांना बजावावं लागतं.

लघवीची नळी पहिल्या तासात. पायांना हवेने दाबणाऱ्या पट्ट्या लगेच, आणि रक्त पातळ ठेवणारं हेपरिनचं इंजेक्शन साधारण तीन दिवसांच्या आत. ड्रेन असेल तर वेळ बघून. कूस दर दोन तासांनी बदलायची, टाचा हवेत. यातलं सगळ्यात दुर्लक्षित म्हणजे पहिलेच सहा तास: दारातली ट्रॉली, सीटीचं टेबल, एमआरआयचं टेबल, परत ट्रॉली. बेडसोअरची सुरुवात वॉर्डात नाही, इथे होते. पाय गार लागतात म्हणून प्रेमाने ठेवलेली गरम पाण्याची पिशवी बधिर कातडी भाजते आणि रुग्णाला कळतही नाही.

काय सांगतात आणि कागदावर काय देतात

‘आता काही होणार नाही’ हे वाक्य पहिल्या आठवड्यात ऐकू आलं तर ते घाईचं आहे. मेयो क्लिनिकने २०१२ साली ११५ रुग्णांचा मागोवा प्रसिद्ध केला. चाकाच्या खुर्चीत घरी गेलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के पुढे चालू लागले होते. सुरुवातीचा घाव किती पूर्ण होता, यावर बरंच ठरतं. म्हणून घाव किती पूर्ण आहे हे सांगणारी ए ते ई अशी ‘एशिया’ श्रेणी पहिल्या दिवशी आणि नंतर पुन्हा नोंदवलेली हवी. गुदद्वाराजवळ टोचलेलं थोडं जरी कळत असेल तरी ती श्रेणी बदलते, आणि नेमकी तीच तपासणी संकोचाने टाळली जाते.

डिस्चार्ज कार्ड हा सेवेचा सर्वांत निष्काळजी भाग. ‘दोन्ही पायांत अशक्तपणा, फिजिओथेरपी चालू ठेवावी’ एवढ्यावर माणूस घरी जातो. त्यावर घावाची पातळी हवी, श्रेणी हवी, लघवी केल्यानंतर मूत्राशयात किती उरते ते हवं आणि रुग्णाचा नेहमीचा बीपी हवा. घाव छातीच्या सहाव्या पातळीला किंवा वर असेल तर आणखी एक इशारा लाल शाईत हवा. काही आठवड्यांनी अचानक डोकं ठणकलं, चेहरा लाल झाला, घावाच्या वर घाम फुटला आणि बीपी नेहमीपेक्षा २० ते ४० ने चढला, तर रुग्णाला आधी ताठ बसवा, कपडे सैल करा, मग लघवीची नळी मांडीखाली दुमडली आहे का ते बघा, नंतर पोट साफ आहे का ते. या रुग्णांचा नेहमीचा वरचा आकडा ९० ते ११० असतो, त्यामुळे १४० हा आकडा बाहेरच्या दवाखान्यात कुणालाच मोठा वाटत नाही.